कालवाकाठचे ग्रामदृश्य (चित्रकला)

कालवाकाठचे ग्रामदृश्य : संथ जलमार्ग, त्याच्या काठावरील घरे व झाडे, पवनचक्की किंवा चर्चचा मनोरा, पाण्यावरील होड्या आणि या सर्वांवर पसरलेले आकाश यांच्या संयोजनातून साकारणारा निसर्गचित्राचा एक प्रकार. स्वतंत्र चित्रविषय म्हणून तो सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात हॉलंडमध्ये, मुख्यतः हार्लेम, लायडन व द हेग या नगरांतील चित्रकारांच्या हातून स्थिर झाला. पुढे इंग्लंड व फ्रान्समधील निसर्गचित्रकारांनी त्याचा आपापल्या परीने विकास केला. या प्रकारात सांगण्याजोगी घटना बहुधा नसते. त्यामुळे चित्राचा सारा परिणाम रचना आणि भाववृत्ती यांच्या परस्परसंबंधावर अवलंबून राहतो. ही भाववृत्ती प्रायः शांततेची असते. ती शांतता त्या भूमीचे सत्य सांगते की ते झाकते, हा या चित्रप्रकाराच्या समीक्षेतील मध्यवर्ती प्रश्न होय.

भौगोलिक पार्श्वभूमी : महाराष्ट्रात कालवा म्हटला म्हणजे मुठा किंवा नीरा कालव्यासारखा, धरणाचे पाणी कोरड्या शेतांकडे नेणारा पाट डोळ्यांपुढे येतो. डच कालव्याचे प्रयोजन जवळजवळ याच्या उलट आहे. तेथे पाणी आणावयाचे नसून ते बाहेर काढावयाचे असते. देशाचा पुष्कळसा भाग समुद्रसपाटीहून सखल असल्याने बांध घालून वेढलेल्या जमिनीतील, म्हणजे पोल्डरमधील पाणी पवनचक्क्यांच्या साहाय्याने उपसून उंचावरील चरांत व कालव्यांत सोडावे लागे. बीम्स्टर हे विस्तीर्ण सरोवर चाळीसहून अधिक पवनचक्क्यांच्या योगे १६१२ मध्ये कोरडे करण्यात आले व त्या जागी सरळ रेषांत आखलेली शेते, रस्ते आणि कालवे निर्माण झाले. कालवा हा वाहतुकीचाही मार्ग होता. ॲम्स्टरडॅम व हार्लेम यांच्या दरम्यान १६३२ मध्ये घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या प्रवासी नावांसाठी कालवा सुरू झाला आणि १६६५ पर्यंत अशा कालव्यांचे सु. ६५० किमी. लांबीचे जाळे तयार झाले. गावाच्या दारात रस्त्याऐवजी पाणी असणे, ही त्यामुळे तेथील नित्याची स्थिती होती. चित्रकारांच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, पाहणाऱ्याची नजर चित्रात खोलवर नेण्याचे काम, जे अन्यत्र वाट किंवा दरी करते, ते येथे पाण्यावर येऊन पडले.

रचना : या प्रकाराच्या प्रारंभीचे एक महत्त्वाचे उदाहरण म्हणजे एसाइयास व्हान डे व्हेल्डे (१५८७–१६३०) याचे द कॅटल फेरी (१६२२, रेइक्सम्यूझियम, ॲम्स्टरडॅम, म. शी. ‘गुरांची नाव’) हे चित्र. दोन्ही काठांवर घरे व झाडे, मधोमध माणसांनी आणि गुरांनी भरलेली तरीची नाव व तिच्या मागे दूरवर निमुळता होत गेलेला पाण्याचा पट्टा, अशी त्याची मांडणी आहे. दोन्ही बाजू तोलून धरण्याची जुनी पद्धत येथे अद्याप टिकून आहे आणि तपशिलांची गर्दीही पुष्कळ आहे. तथापि सोळाव्या शतकातील फ्लेमिश निसर्गचित्रांत उंच कड्यावरून पाहिल्यासारखे जे अफाट, कल्पनारचित विश्वदृश्य दिसे, ते येथे नाहीसे झाले आहे. पाहणारा जणू समोरच्या काठावर उभा असून दृश्य त्याच्या डोळ्यांच्या पातळीच्या जवळ आले आहे.

पुढील पायरी हार्लेममधील पीटर दे मोलेइन (१५९५–१६६१), सालोमोन व्हान रॉइसडाल (सु. १६००–७०) आणि एसाइयासचा शिष्य यान व्हान गोयेन (१५९६–१६५६) यांनी गाठली. त्यांनी दोन काठांऐवजी एकच काठ प्रधान केला. चित्राच्या एका कोपऱ्यापासून निघालेला काठ तिरकस रेषेने क्षितिजाकडे जातो. जवळची झाडी व घरे यांचा भरीव आकार एका बाजूस उभा राहतो आणि दुसरी बाजू पाणी व आकाश यांसाठी मोकळी सुटते. या मोकळ्या बाजूस एखादे दूरचे शीड किंवा मनोरा ठेवून तोल साधला जातो. क्षितिजरेषा खाली, चित्राच्या उंचीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्श्यावर येते. या साध्या बदलाने तीन गोष्टी साधल्या. तिरकस काठामुळे अवकाशाला खोली आली, खालच्या क्षितिजामुळे आकाश हा चित्राचा प्रमुख विषय बनला, आणि गाव हे दृश्याचे केंद्र न राहता जमीन व आकाश यांच्या मधली एक अरुंद पट्टी झाले.

या रचनेत प्रतिबिंबाचे कार्य केवळ शोभेचे नाही. काठावरील झाड किंवा घर पाण्यात उतरले की उभ्या रेषा दुप्पट होतात आणि त्यांच्या योगे क्षितिजाच्या वरचे व खालचे भाग एकत्र बांधले जातात. आकाशाचा रंग पाण्यात परत येत असल्याने चित्राच्या वरच्या व खालच्या भागांत एकाच छटेचा संवाद सुरू राहतो. पाण्यातील प्रतिमा मूळ वस्तूची तंतोतंत नक्कल नसते. उजळ भाग प्रतिबिंबात किंचित मंद, तर काळोखे भाग किंचित फिके दिसतात. शिवाय पाण्यातून वस्तूची खालची बाजू दिसते. सालोमोन व्हान रॉइसडालने ही बाब अचूक हेरली होती. त्याच्या रिव्हर लँडस्केप विथ फेरी (१६४९, नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट, वॉशिंग्टन, म. शी. ‘तरीच्या नावेसह नदीदृश्य’) या मोठ्या चित्रात उंच झाडांचा समूह, माणसे व जनावरे घेऊन चाललेली नाव आणि दूरची शिडे यांना एकत्र धरणारे सूत्र म्हणजे पाण्याचा नितळ पृष्ठभाग होय. नाव पुढे सरकत आहे, हे कळते. पण तिच्या गतीने पाण्याची स्थिरता मोडत नाही. गती व स्थैर्य यांचा हा तोल कालवाकाठच्या चित्राचे खास वैशिष्ट्य मानता येईल.

रंगयोजना व तंत्र : सु. १६२५ ते १६५० या काळातील चित्रांना ‘एकछटी’ असे म्हटले जाते. मातकट पिवळा, तपकिरी, करडा व फिकट हिरवा एवढ्याच मोजक्या रंगांत ती रंगविलेली असतात. व्हान गोयेनचे अ विंडमिल बाय अ रिव्हर (१६४२, नॅशनल गॅलरी, लंडन; म. शी. ‘नदीकाठची पवनचक्की’) हे सु. २९ × ३६ सेंमी. आकाराचे छोटे फलकचित्र याचा उत्तम नमुना होय. त्यात एक पवनचक्की, थोडे पाणी, सपाट जमीन आणि काही पुसटशा मानवाकृती यांपलीकडे जवळजवळ काहीच नाही. फार मोठा भाग आकाशाने व्यापला आहे. पातळ रंगलेपातून लाकडी फलकाचा उबदार रंग जागोजाग डोकावतो आणि तोच दमट हवेचा आभास निर्माण करतो. वस्तूंचे स्वतःचे रंग येथे हवेच्या रंगात विरघळतात, म्हणून पाहणाऱ्याला प्रथम हवामान जाणवते व मागाहून वस्तू दिसतात.

या तंत्रामागे केवळ काव्यदृष्टी नव्हती. डच चित्रकार राजाश्रयावर वा चर्चच्या आश्रयावर अवलंबून नव्हता. तो खुल्या बाजारासाठी चित्रे काढी. अर्थशास्त्रज्ञ व कलेतिहासकार जॉन मायकेल माँटायस याने १९८७ मध्ये असे प्रतिपादन केले की, ओल्या रंगावरच दुसरा ओला रंग चढविण्याच्या या जलद पद्धतीमुळे चित्राला लागणारा वेळ घटला, किंमत उतरली आणि मध्यमवर्गीयांच्या घरांत निसर्गचित्रे पोचली. व्हान गोयेनने बाराशेहून अधिक चित्रे रंगविली. जमिनींच्या व ट्यूलिपच्या कंदांच्या सट्ट्यात तो बुडाला आणि कर्जबाजारी स्थितीतच वारला. त्याच्या चित्रांतील निवांतपणा निवांत आयुष्यातून आलेला नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

त्याच्या कार्यपद्धतीविषयी साम्युएल व्हान होग्स्ट्राटन याने १६७८ च्या आपल्या चित्रकलाविषयक ग्रंथात एक आख्यायिका दिली आहे. क्निबर्गेन, व्हान गोयेन व पोर्सेलिस या तिघांनी एका दिवसात एकेक चित्र पुरे करण्याची पैज लावली. क्निबर्गेनने सरावलेल्या हाताने, अक्षरे लिहावीत तसे आकाश, झाडे व डोंगर झरझर उतरविले. व्हान गोयेनने सबंध फलकावर कोठे उजळ, कोठे गडद असा रंग फासला आणि त्या गोंधळातून घरे, होड्या, माणसे शोधून काढली. पोर्सेलिस बराच वेळ हात न लावता बसून राहिला. त्याने आधी मनात चित्र पूर्ण केले व मग ते उतरविले. परीक्षकांनी पोर्सेलिसला श्रेष्ठ ठरविले. आख्यायिकेची ऐतिहासिकता बाजूस ठेवली, तरी तीत एक मार्मिक निरीक्षण आहे. व्हान गोयेनच्या चित्रात गाव हवेतून व पाण्यातून हळूहळू वर आल्यासारखे दिसते आणि हे त्याच्या रंगलेपनाच्या पद्धतीचेच फलित आहे. पाण्यातून वर काढलेल्या भूमीला ही पद्धत विलक्षण अनुरूप ठरली.

भाववृत्ती : या चित्रांतील शांततेचे स्वरूप नीट तपासले, तर ती तीन साधनांनी घडविलेली दिसते : आडव्या रेषांचे प्राबल्य, छटांतील अंतर कमी ठेवणे आणि मानवाकृतींचे लहान प्रमाण. माणसे कामे करतात, परंतु कोणाचाही चेहरा वाचता येत नाही. मासे पकडणारा, नाव वल्हवणारा, गुरे पाण्यावर नेणारा हे सर्व दृश्याचे घटक म्हणून राहतात, त्यांची कथा होत नाही. याच काळात, १६२१ पासून १६४८ च्या म्युन्स्टरच्या तहापर्यंत, डच प्रजासत्ताक स्पेनशी युद्ध करीत होते. त्या युद्धाचा मागमूस या ग्रामदृश्यांत सहसा नाही.

हीच सामग्री वेगळी भाववृत्तीही निर्माण करू शकते. सालोमोनचा पुतण्या याकोप व्हान रॉइसडाल (सु. १६२८–८२) याच्या द विंडमिल ॲट वेइक बेइ ड्यूरस्टेडे (सु. १६७०, रेइक्सम्यूझियम, म. शी. ‘वेइक बेइ ड्यूरस्टेडे येथील पवनचक्की’) या चित्रात पाणी, काठ व गाव हेच घटक आहेत. परंतु पवनचक्की खालच्या दृष्टिबिंदूतून ढगांवर उभी केल्याने ती एखाद्या स्मारकासारखी भव्य होते. छटांतील विरोध तीव्र आहे, ढग जड आहेत. येथे शांतता आहे ती वादळापूर्वीची. रचनेतील एका घटकाचे प्रमाण बदलताच भाववृत्ती कशी पालटते, हे या दोन पिढ्यांच्या तुलनेतून दिसून येते.

वगळलेला कालवा : कालवाकाठचे ग्रामदृश्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डच चित्रांत प्रत्यक्ष खोदलेला, सरळ कालवा फार क्वचित आढळतो, हा या प्रकारातील सर्वांत लक्षणीय विरोधाभास होय. बीम्स्टरसारखे नवे पोल्डर व नावा ओढणाऱ्या घोड्यांचे नवे जलमार्ग यांचा समकालीनांना मोठा अभिमान होता; परदेशी प्रवाशांना त्यांचे नवल वाटे. चित्रकारांनी मात्र वळणावळणाचे जुने प्रवाह, झुकलेली घरे, मोडके कठडे व वेड्यावाकड्या वाढलेल्या विलो वृक्षांची निवड केली. याचे एक कारण चित्रीय आहे. सरळ रेषा नजरेला थेट क्षितिजाकडे फेकते, मध्ये रेंगाळू देत नाही; वाकडा काठ तिला थांबत-थांबत आत नेतो. दुसरे कारण ग्राहकाच्या मनात शोधावे लागते. ज्या नागरिकांनी आपला पैसा जमिनी कोरड्या करण्यात गुंतविला, तेच ही चित्रे विकत घेत. त्यांच्या भिंतीवर जो देश टांगला गेला, तो त्यांच्या हातांनी बदलण्यापूर्वीचा होता. अशा रीतीने या शांततेत नकळत एक गतकाळाची ओढ मिसळली आहे.

या संकेताला छेद देणारे थोर चित्र म्हणजे मेइंडर्ट हॉबेमा (१६३८–१७०९) याचे द ॲव्हेन्यू ॲट मिडलहार्निस (१६८९, नॅशनल गॅलरी, लंडन, म. शी. ‘मिडलहार्निस येथील वृक्षवीथी’). सरळ रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंस पाण्याचे सरळ चर, उंच व शेंड्यापर्यंत छाटलेल्या झाडांच्या दोन रांगा आणि पलीकडे चर्चच्या मनोऱ्यासह गाव, अशी ही जवळजवळ सममित रचना आहे. मानवी आखणीची जी सरळ रेषा इतरांनी टाळली, तीच हॉबेमाने चित्राचा कणा बनविली. झाडे एकसारखी नाहीत, रांगांतील अंतरे किंचित असमान आहेत, रस्त्यावर गाडीच्या चाकोऱ्या आहेत. त्यामुळे यथादर्शनाचा कोरडेपणा टळतो. उजवीकडे एक माणूस रोपांची निगा राखीत आहे. निसर्ग येथे लावलेला, छाटलेला व राखलेला आहे, हे चित्र लपवीत नाही, आणि तरीही त्याची शांतता कमी होत नाही. कृत्रिम भूमीचे सौंदर्य प्रामाणिकपणे दाखविता येते, याचा हा पुरावा होय.

उत्तरकालीन विकास : डच परंपरेचा आदराने अभ्यास करणाऱ्या जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याने जलमार्गातील श्रमाला चित्रात स्थान दिले. इंग्लंडमधील स्टूर नदी अठराव्या शतकाच्या आरंभी बंधारे घालून नौकानयनास योग्य करण्यात आली होती आणि कॉन्स्टेबलच्या वडिलांच्या गिरण्या व मालवाहू नावा तिच्यावर होत्या. फ्लॅटफर्ड मिल (१८१६–१७, टेट, लंडन, म. शी. ‘फ्लॅटफर्डची गिरणी’) या चित्रात नाव ओढणारा घोडा, त्याच्यावर बसलेला मुलगा, सोडली जाणारी दोरी व नावा पुढे रेटणारी माणसे दिसतात. नाव कशी चालते, हे तेथे समजून घेता येते. मात्र जॉन बॅरेल याने द डार्क साइड ऑफ द लँडस्केप (१९८०) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे कॉन्स्टेबलचे श्रमिकही दृश्यात मिसळून जाण्याइतके लहान व दूर ठेवलेले आहेत. ग्रामीण दारिद्र्य व असंतोष यांच्या त्या काळात हे अंतर निरर्थक नव्हते.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८७१ च्या उन्हाळ्यात हॉलंडमधील झांडाम येथे राहिला व तेथील पाणी, रंगीत लाकडी घरे आणि पवनचक्क्या यांची सु. पंचवीस चित्रे त्याने रंगविली. त्याने एकछटी हवेऐवजी पाण्याच्या तुटक रंगस्पर्शांना प्राधान्य दिले; प्रतिबिंब हे वस्तूइतकेच सत्य झाले. हॉलंडमध्ये ‘हेग संप्रदाया’ने जुन्या करड्या छटेचे पुनरुज्जीवन केले, त्यांच्यातीलच पॉल गाब्रिएल (१८२८–१९०३) याला मात्र आपली भूमी करडी नसून रंगांनी भरलेली आहे असे वाटे. त्याच्या इन द मंथ ऑफ जुलै (सु. १८८९, रेइक्सम्यूझियम, म. शी. ‘जुलै महिन्यात’) या उभ्या आकाराच्या चित्रात पोल्डरमधील पाण्याची वाट, काठावरची पवनचक्की आणि तिचे प्रतिबिंब लख्ख उन्हात दिसतात. व्हिन्सेंट व्हान गॉग याने १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे कालव्यावरील उचलत्या पुलाची चित्रे काढली, ती या परंपरेची परक्या उन्हातील आठवण म्हणता येतील. पीट मोंद्रियानच्या खेइन नदीकाठच्या प्रारंभीच्या चित्रांत आडवा काठ व उभी झाडे यांचा विरोध उरला आणि पुढे त्याच्या अप्रतिरूप कलेत याच दोन दिशा शिल्लक राहिल्या.

समीक्षा व मूल्यमापन : डच निसर्गचित्रांविषयी समीक्षकांत प्रारंभापासून तीव्र मतभेद आहेत. भव्य ऐतिहासिक विषयांना श्रेष्ठ मानणाऱ्या जोशुआ रेनल्ड्झला ही कला नजरेपुरतीच मर्यादित वाटली. जॉन रस्किननेही तिच्यावर कठोर टीका केली. उलट, हेगेलने आपल्या सौंदर्यशास्त्रावरील व्याख्यानांत या साध्या विषयांमागे समुद्राशी व परकी सत्तेशी झुंजून स्वातंत्र्य मिळविलेल्या समाजाचे समाधान पाहिले. अझेन फ्रोमांतँ याने १८७६ मध्ये या कलेला हॉलंडचे व्यक्तिचित्र मानले. विसाव्या शतकात एका पक्षाने तीत नैतिक प्रतीके शोधली : तरीची नाव म्हणजे जीवनयात्रा, मोडके घर म्हणजे नश्वरता. तर स्वेत्लाना आल्पर्स हिने द आर्ट ऑफ डिस्क्रायबिंग (१९८३) या ग्रंथात ही कला अर्थ दडविणारी नसून दृश्य जगाचे वर्णन करणारी आहे, असे मत मांडले.

यांपैकी प्रतीकांचे स्पष्टीकरण ग्रामदृश्यांच्या बाबतीत अपुरे पडते. कारण तीच नाव व तेच घर शेकडो चित्रांत येतात आणि चित्राचा दर्जा मात्र त्यांवरून ठरत नाही. केवळ वर्णनाचा सिद्धांतही पुरेसा नाही. चित्रकारांनी जे वगळले, ते पाहता हे वर्णन निवडक आहे. व्हान गोयेन व रॉइसडाल यांनी ओळखीचे मनोरे अनेकदा भलत्याच काठांवर नेऊन ठेवले, हेही सर्वश्रुत आहे. हेगेलचे मत अधिक खोलवर जाते, परंतु ज्यांच्या श्रमाने ती भूमी कोरडी राहिली, त्यांचा विचार त्यात येत नाही. पाणी उपसले की पीटयुक्त जमीन खचते, जमीन खचली की आणखी पाणी उपसावे लागते. ही न संपणारी राखण त्या शांत काठांखाली सतत चालू असते.

म्हणून या प्रकारातील चित्रांची पारख करताना त्यांतील पाणी केवळ आरसा आहे की जीवनाचा आधार व धोकाही आहे, हे पाहणे उचित ठरेल. सामान्य चित्रांत पाणी शोभेपुरते असते; तेथे घरे बदलली तरी काही बिघडत नाही. उत्तम चित्रांत जमीन इतकी अरुंद व आकाश इतके अफाट असते की, गावाचे अस्तित्व क्षणभर अनिश्चित वाटते. व्हान गोयेनच्या छोट्या फलकावरील पवनचक्की ही त्या अनिश्चिततेला दिलेले एकमेव उत्तर आहे. अशा चित्राची शांतता भाबडी राहत नाही. ती प्रयत्नाने राखलेल्या तोलाची असते.

पुढे वाफेचे व मग अन्य यांत्रिक पंप आले. हार्लेममेर हे प्रचंड सरोवर १८४९–५२ मध्ये वाफेच्या पंपांनीच उपसले गेले. पवनचक्क्यांचे मूळ काम बव्हंशी संपले आणि किंडरडाइक येथील चक्क्यांना १९९७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. दरम्यान कालवाकाठच्या गावाची प्रतिमा दिनदर्शिका, पत्रचित्रे व प्रवासी जाहिराती यांतून जगभर पसरली. त्या प्रतिमांत तिरकस काठ, खालचे क्षितिज व प्रतिबिंब ही सारी रचना तशीच टिकून आहे. हरवला आहे तो पाण्याविषयीचा सावधपणा. सतराव्या शतकातील मूळ चित्रांकडे पुन्हा वळल्यास याच सावधपणामुळे ती आजही जिवंत वाटतात.